'शाल' टाइप करून पाहा : मूळ फॉन्ट ओळखण्याचा घरगुती अभ्यासक्रम

साहित्य : एक संगणक, शक्यतो दुसऱ्याचा. एक मजकूर, शक्यतो निमंत्रणपत्रिकेचा, कारण तिच्यातली चूक चारचौघांत कळते. एक भाचा. वाचायचा चष्मा. वेळ : पुस्तकांत अशा ठिकाणी 'अर्धा तास' असं छापतात. मला सहा वर्षं लागली.

हा अभ्यासक्रम पूर्ण नवशिक्यांसाठी आहे. नवशिक्या म्हणजे ज्याने आयुष्यात एकदाही फॉन्ट निवडलेला नाही असा माणूस. तो संगणक उघडतो, टाइप करतो, छापतो आणि जेवायला बसतो. त्याचं सगळं लिखाण कोणीतरी परस्पर ठरवलेल्या अक्षरांत चाललेलं असतं आणि त्याचं काही अडत नाही. या परस्पर ठरलेल्या फॉन्टला डिफॉल्ट म्हणतात. मराठीत 'मूळ' किंवा 'पूर्वनिर्धारित' असे शब्द काढले आहेत, पण नेमका शब्द आहे 'घरात असेल ते'. न कळवता पाहुणे आले की यजमानीण पिठलं-भात टाकते. तसं प्रत्येक यंत्राच्या घरी एक पिठलं ठरलेलं असतं. ते चवीवरून ओळखायला शिकणं, एवढाच आपला विषय.

ज्यांना रात्री झोप चांगली लागते त्यांनी इथेच थांबावं.

आधी पावलं पाहा

जुन्या इंग्रजी पुस्तकातलं कॅपिटल 'आय' घ्या. उभ्या दांड्याच्या वर आणि खाली छोट्या आडव्या रेघा दिसतील. त्या पावलांना सेरिफ म्हणतात. 'सॅन्स' म्हणजे फ्रेंचमध्ये 'विना'. तेव्हा सॅन्स सेरिफ म्हणजे अनवाणी अक्षर. विल्यम कॅसलन चौथा या लंडनच्या टाइप ओतणाऱ्या गृहस्थाने १८१६ मध्ये आपल्या नमुन्यांच्या पुस्तकात असं अक्षर पहिल्यांदा विकायला ठेवलं. पुढे याच जातीच्या अक्षरांना 'ग्रोटेस्क', म्हणजे बेढब, असं नाव पडलं. नाव पडलं ते पडलंच. आपल्याकडे लंगडे, बोबडे ही आडनावं जशी पिढ्यान्‌पिढ्या ताठ मानेने चालतात, तसं हे ग्रोटेस्कही पुढे कारखान्यांनी स्वतःहून नावात लावलं.

संगणकाने अनवाणी अक्षरं जवळ केली ती गरजेपोटी. जुन्या पडद्यांवर एका अक्षराच्या वाट्याला मोजके ठिपके यायचे. तेवढ्यात पावलं काढायला गेलं की अक्षराचा चिखल व्हायचा. म्हणून मेन्यूत, खिडक्यांत, बटणांवर सॅन्स बसले. पडदे सुधारले तरी बसलेले उठले नाहीत.

एक गोष्ट मात्र आताच मनावर ठसवा. यंत्राला 'सॅन्स सेरिफ' सांगणं हा हुकूम नसतो. वेबपानं बनवणारे फॉन्टांची एक यादी देतात आणि यादीच्या शेवटी नुसतं 'सॅन्स-सेरिफ' असं लिहितात. वाण्याला सांगावं तसं : अमका साबण द्या, नसेल तर तमका द्या, तोही नसेल तर कुठलाही द्या, पण अंगाचा द्या. शेवटच्या वाक्यावर कोणता साबण पुडीत बांधायचा, हे दुकानागणिक बदलतं.

पाठ पहिला : विंडोजचं दुकान

इथे पुडीतून निघतो तो एरियल. त्याची कहाणी सांगायची तर स्वित्झर्लंडला जावं लागतं.

बाझेलजवळच्या म्युन्खेनस्टाइन गावात हास नावाचा टाइपचा कारखाना होता. तिथे १९५७ मध्ये एडुआर्ड होफमान यांच्या देखरेखीखाली माक्स मिडिंगर यांनी एक नवं ग्रोटेस्क काढलं. १९६० मध्ये त्याला स्वित्झर्लंडच्या लॅटिन नावावरून हेल्वेटिका म्हणू लागले आणि त्याने जगभरच्या पाट्या, फॉर्म आणि कंपन्यांची नावं व्यापली. मग १९८२ मध्ये मोनोटाइप कंपनीसाठी रॉबिन निकोलस आणि पॅट्रिशिया सॉन्डर्स यांनी एरियल बनवला. अक्षरांची वळणं वेगळी, पण प्रत्येक अक्षराची रुंदी हेल्वेटिकाइतकीच. मापं एकाची, शिवण दुसऱ्याची. फायदा असा की हेल्वेटिकात जुळवलेल्या पानावर एरियल घातला तरी एकही ओळ हलत नाही. १९९२ मध्ये विंडोज ३.१ बरोबर एरियल घरोघरी गेला आणि फुकटात आलेल्या पाहुण्याप्रमाणे कायमचा राहिला.

आता गंमत पाहा. तुमच्या कागदाने हेल्वेटिका मागितला आणि तो यंत्रात नसला, तर विंडोज गुपचूप एरियल देतं. ही अदलाबदल त्याच्या पोटातल्या नोंदवहीत लिहूनच ठेवलेली असते. नावाच्या चौकटीत मात्र हेल्वेटिकाच लिहिलेलं राहतं. देवगड हापूसच्या पेटीतून कर्नाटकचा आंबा निघण्याशी नवशिक्यांची ओळख असतेच, त्यामुळे हे समजायला जड जाऊ नये.

ओळखायचं कसं? कॅपिटल 'आर'चा पाय पाहा. हेल्वेटिकात तो जवळजवळ सरळ खाली उतरतो, एरियलमध्ये तिरपा पसरतो. स्मॉल 'टी'चं डोकं पाहा. हेल्वेटिकात ते सपाट कापलेलं, एरियलमध्ये तिरकं. एवढं कळलं की तुमचं नुकसान झालं असं समजा. यापुढे बँकेच्या रांगेत तुम्ही टोकन नंबर न बघता पाटीवरचा 'आर' बघत उभे राहाल आणि नंबर निघून जाईल.

विंडोजच्या स्वतःच्या मेन्यूंचं पिठलं आणखी वेगळं. पूर्वी ठिपक्यांचा एमएस सॅन्स सेरिफ, पुढे विंडोज २००० आणि एक्सपीला टाहोमा, व्हिस्टापासून सेगो यूआय. टाहोमा मॅथ्यू कार्टर यांचा. १९९६ चा व्हर्डाना हे त्यांचंच काम, खास पडद्यासाठी केलेलं. अक्षरं ऐसपैस आणि कॅपिटल 'आय', स्मॉल 'एल', एक हा अंक अशी तिन्ही वेगवेगळी दिसणारी. एरियलमध्ये पहिली दोन जुळी वाटतात. ज्याने कागदावर छापून आलेला पासवर्ड टाइप करताना खातं बंद पाडून घेतलं आहे, त्याला व्हर्डानाचं मोल वेगळं सांगायला नको. फर्निचरवाल्या आयकिआ कंपनीने २००९ मध्ये आपलं छापील साहित्य व्हर्डानात आणलं तेव्हा जगभरचे सजावटकार खवळले होते. पडद्याचा फॉन्ट कागदावर आला म्हणून! लोकांना रागवायला किती थोडं पुरतं.

या पाठात सगळ्यात महत्त्वाचा धडा कॅलिब्रीचा. लुकास द ग्रोट या डच कलाकाराने केलेला हा गोलसर कोपऱ्यांचा फॉन्ट ऑफिस २००७ पासून वर्डचा मूळ फॉन्ट झाला. २०१७ साली पाकिस्तानात, पनामा प्रकरणात, पंतप्रधान नवाझ शरीफ यांच्या कुटुंबाशी संबंधित एक दस्त तपास पथकापुढे आला. त्यावर तारीख होती २००६ ची आणि अक्षर होतं कॅलिब्री. जो फॉन्ट २००७ मध्ये सर्वांच्या हाती आला, त्यात २००६ चा कागद कसा, असा आक्षेप अहवालात नोंदला गेला आणि एका फॉन्टवरून राष्ट्रीय वाद पेटला. वाद कसाही असो, नवशिक्यांनी यातून नोंद घ्यावी. मागची तारीख घालून काही लिहायचं असेल (लिहू नये), तर आधी अक्षराची जन्मतारीख पाहावी.

२०२३ पासून कॅलिब्रीच्या जागी अ‍ॅप्टोस आला आहे. २०१५ ची पावती अ‍ॅप्टोसमध्ये दाखवणाऱ्या भाडेकरूवर आता घरमालकाने बारीक लक्ष ठेवावं.

पाठ दुसरा : मॅकचं घर

हे घर श्रीमंतांचं, त्यामुळे पिठलंही इथे चांदीच्या वाटीत मिळतं. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशसाठी सुझन केअर यांनी शिकागो हा मेन्यूचा फॉन्ट ठिपक्याठिपक्यांनी काढला. त्या सगळ्या फॉन्टांना शहरांची नावं होती : जिनिव्हा, न्यूयॉर्क, लंडन. त्यातच एक सॅन फ्रान्सिस्कोही होता, वर्तमानपत्रातली अक्षरं कापून चिकटवलेल्या खंडणीच्या चिठ्ठीसारखा दिसणारा. मॅक ओएस टेनपासून मेन्यूत लुसिडा ग्रांद आला. २०१४ मध्ये एका वर्षापुरता हेल्वेटिका न्यूए, आणि २०१५ पासून पुन्हा सॅन फ्रान्सिस्को. म्हणजे नाव तेच, पण अंगावर आता इस्त्रीचे कपडे. ज्यांचा पुनर्जन्मावर विश्वास नाही त्यांनी हे दोन नमुने शेजारी ठेवून पाहावेत.

वेबपानाने नुसतं 'सॅन्स-सेरिफ' म्हटलं तर मॅकवर सफारी हेल्वेटिका काढून देतं. खराखुरा, पेटीवर लिहिलेला तोच. आमचा भाचा हे इतक्या वेळा सांगतो की त्याला 'घरात असेल ते' वाढायचंच आम्ही बंद केलं आहे.

पाठ तिसरा : लिनक्स

लिनक्सचा मूळ सॅन्स सेरिफ कोणता, असं विचारलं की उत्तर मिळतं, 'अवलंबून आहे.' कशावर, असं विचारू नका, तुमची बस चुकेल. पुष्कळ वर्षं देजाव्यू सॅन्स हे उत्तर बरोबर यायचं. उबुंटूचा २०१० पासून स्वतःचा उबुंटू फॉन्ट आहे, लंडनच्या डाल्टन माग यांनी केलेला. ग्नोमवाल्यांनी कँटारेल घेतला. फेडोराने २०२२ मध्ये नोटो आणला. यंत्रालाच विचारायचं असेल तर काळ्या खिडकीत 'एफसी-मॅच' ही आज्ञा द्यायची, पुढे सॅन्स-सेरिफ लिहायचं. ते प्रामाणिकपणे सांगतं की या घरी आज काय शिजलं आहे. पेटी इथेही बदलली जाते, पण विचारलं की कबूल करतं, हा लिनक्सचा मोठेपणा मान्य करायलाच हवा.

एरियलच्या मापाचा एक फुकट अंगरखाही इथे मिळतो, लिबरेशन सॅन्स, रेड हॅटने २००७ मध्ये दिलेला. म्हणजे हेल्वेटिकाच्या मापाचा एरियल आणि एरियलच्या मापाचा लिबरेशन. वंशावळ लिहायला भटजी लागेल.

इथे थोडं थांबून एक नाव लिहून घ्या : स्टीव्ह मॅटसन. विंडोजचा सेगो यूआय यांचा. लिबरेशन यांचा. अँड्रॉइडच्या पहिल्या फोनांतला ड्रॉइड सॅन्स यांचा. वर्डमधला नवा अ‍ॅप्टोस यांचा. वेगवेगळ्या दुकानांत फिरून आपण स्वतंत्र आवड जोपासतो आहोत असं वाटणाऱ्यांना हे सांगितलं की चेहरा पाहण्यासारखा होतो. मागे पोळ्या लाटणारा हात एकच आहे.

पाठ चौथा : फोन

अँड्रॉइडवर २०११ पासून रोबोटो, ख्रिश्चन रॉबर्टसन यांचा. आयफोनवर सॅन फ्रान्सिस्को. फोनवर पत्रिका तपासू नये, एवढंच लक्षात ठेवा.

पाठ पाचवा : आता इथवरचं बाजूला ठेवा

कारण तुम्ही मराठीत लिहिता. एरियल, हेल्वेटिका, रोबोटो यांच्या पोटात देवनागरी नाहीच. तुम्ही वर्डमध्ये एरियल निवडून मराठी लिहिता, चौकटीत नावही एरियलचं दिसतं, आणि अक्षरं येतात मंगलची किंवा निर्मलाची. पाटी एकाची, गल्ल्यावर दुसराच बसलेला.

मुळात देवनागरीत सेरिफ असतं कुठे? डोक्यावर शिरोरेखा आहे, ती काढली तर अक्षर गुजरातीकडे झुकतं. आपल्याकडे फरक पावलांचा नसतो, जाडीचा असतो. बोरूचा तिरपा काप कागदावर फिरला की एक रेघ जाड आणि दुसरी बारीक उमटते. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचं अक्षर आठवा, त्यात हा चढउतार डोळ्याला सुखावतो. त्याउलट सगळीकडे सारख्या जाडीची रेघ असली की त्याला आपण उसन्या नावाने सॅन्स म्हणतो. नाव पायावरून पडलेलं आणि आमचं सगळं डोक्यावर, तेव्हा हा शब्द देवनागरीला कधी नीट बसला नाही, बसणारही नाही.

घराघरांतलं देवनागरी पिठलं असं. विंडोज २००० पासून मंगल. तो र. कृ. जोशी यांचा. जाहिरातक्षेत्रात नाव काढलेले, कवी, सुलेखनकार आणि पवईच्या आयआयटीत शिकवणारे जोशी सर. कित्येक कोटी लोकांनी रोज त्यांचं अक्षर वाचलं आणि त्यांचं नाव ऐकलं नाही, याची मला लाज वाटते. विंडोज ८ पासून निर्मला यूआय आला. मॅकवर आणि आयफोनवर अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा कोहिनूर देवनागरी. अँड्रॉइडवर नोटो. लिनक्सवर बरीच वर्षं लोहित. लोहित म्हणजे लाल, कारण तो रेड हॅटने दिलेला, आणि त्याची देखभाल त्यांच्या पुण्यातल्या मंडळींनी केली. पुण्यात सांभाळलेली वस्तू असून तिच्यावर कुठेही सूचना लिहिलेली नाही, ही तिची खास बाब.

नोटो हे नाव 'नो टोफू' यावरून. फॉन्टमध्ये एखादं अक्षर नसलं की त्याजागी रिकामा चौकोन येतो, त्याला या धंद्यात टोफू म्हणतात. आपण पनीर म्हणायला हरकत नाही. या पनीरशी माझा संबंध आमच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनी आला.

पत्रिका भाच्याने त्याच्या मॅकवर केली. एका पानात सुबक बसली होती. मी ती माझ्या जुन्या विंडोजवर उघडली. मंगल ओळीओळींत ऐसपैस जागा घेतो, तेव्हा 'आपले नम्र' दुसऱ्या पानावर एकटे जाऊन पडले. मी मजकूर दाटीवाटीने बसवला आणि छापखान्यात पाठवला. छापखान्याचा संगणक माझ्याहून जुना. प्रमुख पाहुणे वकील होते. त्यांच्या नावामागच्या 'ॲड.'मधलं हे 'ॲ' युनिकोड या अक्षरांच्या जागतिक यादीत स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ मध्ये दाखल झालं. त्याआधीच्या फॉन्टांना त्याची खबर नाही. पाचशे पत्रिकांवर छापून आलं : एक चौकोन, त्यापुढे 'ड.', त्यापुढे साहेबांचं नाव. साहेब सज्जन. भाषणात म्हणाले, 'न्यायालयाने मला अजून चौकटीत उभं केलेलं नाही, वाचनालयाने केलं.'

त्याआधीचा काळ तर याहून वाईट होता, हेही नवशिक्यांना सांगून ठेवतो. श्रीलिपी, आकृती, आयएसएमच्या जमान्यात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागा बळकावून बसायची. तो फॉन्ट समोरच्याकडे नसला की फाइल एरियलमध्ये उघडायची आणि शुभमंगल सावधानच्या जागी डॉलर, तिरप्या रेघा आणि उद्गारचिन्हं यायची. पत्रिका घेऊन जाणारा माणूस फॉन्टची फाइलही पेनड्राइव्हवर बरोबर नेत असे, जसे पूर्वी लोक परगावी जाताना तांब्या नेत. युनिकोड आल्यावर हा त्रास संपला. जागा ज्याच्या त्याला मिळाल्या. अक्षरांचं वळण कोणाचं, हा वाद तेवढा शिल्लक आहे.

प्रात्यक्षिक

समोरच्या संगणकावर 'शाल' हा शब्द टाइप करा. वाचनालयाच्या सत्कारांत राहून दुसरा कुठला शब्द सुचणार? पण तो निवडण्याला कारण आहे. मराठी आणि हिंदी वळण जिथे वेगळं होतं ती दोन्ही अक्षरं या एका शब्दात आहेत. अक्षर मोठं करा. आपला 'ल' पाकळीचा, दोन्ही बाजूंना भरलेला. हिंदीचा दंडाचा, उजवीकडे उभी काठी घेतलेला. आपला 'श' देठाचा, हिंदीचा गाठीचा. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' असं स्पष्ट लिहून दिलं आहे. पहिलीच्या पुस्तकात मुलं तेच गिरवतात आणि घरी येऊन पडद्यावर दुसरंच बघतात.

बऱ्याच यंत्रांवर घरात असेल ते म्हणून हिंदी वळण येतं. त्यात कोणाचा कट नाही. हिंदी लिहिणारे जास्त, म्हणून तेच मूळ धरलं गेलं. चांगल्या फॉन्टांच्या पोटात मराठी रूपंही असतात. मजकुराची भाषा 'मराठी' अशी नोंदवली की ती पुढे येतात. कधीकाळी लोहित मराठी असा वेगळा फॉन्टच होता, पुढे तो लोहित देवनागरीत सामावला गेला. म्हणजे शाल कपाटात आहे, फक्त कोणी मागितली नाही. भाषेच्या यादीत जाऊन हिंदीच्या जागी मराठी निवडायला अर्धं मिनिट लागतं. ते आपण करत नाही, कारण आपण नवशिके आहोत, सुखात आहोत, आणि जेवायची वेळ झालेली असते.

तेव्हा जेवणाआधी भाषा मराठी करून घ्या. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त फॉन्ट मुक्ता फुकट मिळतो, तो उतरवून ठेवा. पत्रिका छापायला पाठवाल ती पीडीएफ करूनच, फॉन्ट आत घालून पाठवा. आणि पाहुणे वकील असतील तर छपाईआधी एक प्रूफ मागवून फक्त 'ॲड.' तेवढं बघा.